अजिंक्यताऱ्याच्या वळणावर आप्पा रोज थांबतात. छातीतलं दुखणं हृदयाचं आहे हे तुम्हाला कसं कळलं?

किल्लेवाट (सातारा) | ९ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण बारकाव्यातच काहीतरी आहे असं सारखं वाटतंय.

आमचे आप्पा ६६ वर्षांचे. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातात, थंडी म्हणत नाहीत की पाऊस. मी पुण्याला असतो. दिवाळीपासून घरूनच काम चालू आहे, म्हणून महिनाभर त्यांच्याबरोबर चढतोय.

डांबरी रस्त्याचा चढ जिथे अंगावर येतो तिथल्या एका वळणावर आप्पा थांबतात. कठड्याला हात टेकतात आणि म्हणतात, "बघ, जरंडेश्वर किती स्वच्छ दिसतोय." पहिल्या दिवशी मलाही छान वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच वळण, तेच वाक्य. परवा दाट धुकं होतं, दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. आप्पा त्याच वळणावर थांबले आणि म्हणाले, "जरा जरंडेश्वर बघू."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्याकडे नीट बघितलं. डावा हात कठड्यावर, उजव्या हाताची मूठ शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणापाशी. दोन-तीन मिनिटांनी मूठ सुटली आणि वर मंगळाईपर्यंत नेहमीसारखे आले. संध्याकाळी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालतात तेव्हा काहीच होत नाही.

"छातीत दुखतं का?" असं तीनदा विचारलं. "छे, काही दुखत नाही." नेहमीच्या डॉक्टरांकडे बळंच नेलं. ईसीजीची पट्टी काढली, नॉर्मल. पित्ताच्या गोळ्या दिल्या.

ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी कृपया लिहा. कशाने सुरू व्हायचं? नेमकं काय वाटायचं? हे हृदयाचं आहे हे कधी लक्षात आलं?

---

नाक्यावरचा | १०:३१

बाकी चर्चा होत राहील. आधी चढ बंद करा आणि हृदयरोगतज्ज्ञ गाठा.

---

हळदवाला_सांगली | ११:०४

किल्लेवाट, तुमचं धुक्याचं वाचलं आणि हातातला फोन खाली ठेवला. मीही असाच थांबायचो.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. गोदामाच्या माळ्यावर जायला लोखंडी जिना आहे, सतरा पायऱ्या. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये, हळदीचा हंगाम जोरात असताना, बाराव्या-तेराव्या पायरीवर डाव्या हाताला रग लागायला लागली. छातीत काही नाही. फक्त हात, तोही करंगळीच्या बाजूने कोपरापर्यंत, जड शिसं ओतल्यासारखा. खाली येऊन गादीवर बसलं की चार-पाच मिनिटांत मोकळा. मी म्हणायचो स्कूटरच्या क्लचमुळे असेल. पोरगा म्हणायचा मानेचं असेल. महिनाभर मानेला शेक घेतला.

लक्षात कसं आलं सांगतो. आमचा एक जुना हमाल आहे, वयाने माझ्याएवढाच. तो म्हणाला, "शेठ, तुमी वझं उचलत न्हाई, नुसतं चढताय, आन् हात दुकतोय. माजा हात वझ्यानं दुकतो. तुमचा जिन्यानं कसा दुकंल?" त्या एका प्रश्नाने माझं डोकं चाललं. हात हाताच्या कामाने दुखला पाहिजे, पायाच्या कामाने नाही.

मिरजेला अँजिओग्राफी झाली. मुख्य रक्तवाहिनीत ब्लॉकेज. स्टेंट बसला. तंबाखू त्याच दिवशी सुटली, पुन्हा तोंडाला लावली नाही.

---

शंकासूर | १० जानेवारी, सकाळी ७:१५

थोडं वेगळं मत मांडतो. मला गेल्या वर्षी छातीत जळजळ आणि दाब. घरच्यांनी घाबरून सगळ्या तपासण्या करायला लावल्या, पैसे पाण्यासारखे गेले. निघालं काय, तर पित्त. रात्री अकराला जेवून लगेच आडवं व्हायची सवय होती. ती सोडली, त्रास गेला. प्रत्येक छातीदुखीला हार्ट म्हणायला लागलो तर माणूस भीतीनेच आजारी पडेल.

---

तालुका_वैद्य | सकाळी ८:४०

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, करूही नये. पण किल्लेवाट यांनी जे लिहिलंय ते माझ्या पेशंटने खुर्चीत बसून सांगितलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं.

शंकासूर, तुमचा त्रास पित्ताचा होता हे खरं असेल. पण तुमचा त्रास जेवून आडवं पडल्यावर व्हायचा. आप्पांचा चढावर होतो आणि थांबलं की जातो. फरक इथे आहे. पित्ताला अजिंक्यताऱ्याचं वळण कळत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या की बसल्याजागी भागतं. घरात महिन्याचा पगार बेताचा असतो तसं. लग्नकार्य निघालं की ओढाताण. चढ चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं आणि अरुंद नळीतून ते येत नाही. स्नायू उपाशी पडतो आणि ओरडतो. थांबलं की मागणी उतरते, ओरडणं थांबतं. यालाच अंजायना म्हणतात. साधारणपणे वाहिनी सत्तर टक्क्यांच्या आसपास बुजली की श्रम करताना त्रास जाणवू लागतो. म्हणूनच आरामात झोपवून काढलेली पट्टी नॉर्मल येऊ शकते. त्या पट्टीने फक्त त्या क्षणापुरतं सांगितलं. वळणावरचं तिला काय माहीत?

आता मुख्य गोष्ट. "दुखतं का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. मीही पहिली काही वर्षं हेच विचारायचो आणि पेशंट प्रामाणिकपणे "नाही" म्हणायचे. आपल्याकडे दुखणं म्हणजे दात दुखणं, गुडघा दुखणं, ठणका. हे तसं नसतंच. माझ्या पेशंटनी वापरलेले शब्द सांगतो: छाती जड होते, भरून येते, आवळून धरल्यागत होतं, कुणी उरावर बसलंय, दाटून येतं, घुसमटतं, पट्टा बांधल्यासारखं. एक आजोबा म्हणायचे, "छातीत मोट चालल्यागत वढ लागती."

इंग्लंडमध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी १७६८ साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला, १७७२ मध्ये तो छापून आला. त्यांनी हेच टिपलं होतं की चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यावर लगेच, हा त्रास होतो आणि माणूस उभा राहिला की निघून जातो. अंजायना या शब्दाच्या मुळातच गळा आवळण्याचा, घुसमटीचा अर्थ आहे. तेव्हा ना ईसीजी होता ना अँजिओग्राफी. नुसतं ऐकून ओळखलं.

आणि ती मूठ. किल्लेवाट, तुम्ही बरोबर टिपलंत. त्रास कुठे होतो हे दाखवताना पेशंट बोट न दाखवता छातीवर मूठ ठेवतो, याला लेव्हाइन या अमेरिकन डॉक्टरांचं नाव आहे. मूठ असली म्हणजे हृदयच आणि नसली म्हणजे नाही, असं मात्र नाही. ती फक्त आपले कान टवकारायला लावते.

---

भाकरतुकडा (कोरेगाव) | सकाळी ९:५५

डॉक्टरसाहेब, "दुखतं का" हे आमच्याही घरात चुकलं. आईचं सांगते.

आई तेव्हा ५९ ची. साखर दहा वर्षांची, गोळ्या चालू. मिशरी लहानपणापासून. छातीत कधी काही झालं नाही तिला. खालचा जबडा दुखायचा, डाव्या बाजूचा. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दाढ काढली. दाढ गेली, जबडा दुखायचा राहिला.

माझ्या लक्षात आलं ते चुलीपाशी. आई बाजरीच्या भाकरी करायची, एका बैठकीला दहा-बारा. पीठ मळायचं म्हणजे मनगटाच्या मुळाने रेटून मळायचं, परातीचा आवाज बाहेर ओट्यावर यायचा. त्या दिवाळीनंतर तो आवाज मधेच थांबायला लागला. मी डोकावले तर आई पिठाचा गोळा तसाच परातीत ठेवून, पिठाळ हात वर धरून, जबडा गच्च मिटून बसलेली. कपाळावर घाम, आणि चुलीचा जाळ तर विझत आलेला. मला बघून म्हणाली, "काई न्हाई, दम खाती." तिसऱ्या भाकरीला पुन्हा तेच.

दात काय भाकरी करताना दुखतो होय? पण हे मला दाढ काढल्यावर दोन महिन्यांनी सुचलं. तपासणीत तिन्ही वाहिन्यांत ब्लॉकेज. बायपास झाली, आता बरी आहे. भाकरी मी करते.

---

तालुका_वैद्य | सकाळी १०:२०

भाकरतुकडाताई, तुमच्या आईचं उदाहरण मी उद्यापासून माझ्या नर्सना सांगणार. बायकांमध्ये, साखरवाल्यांमध्ये आणि वयस्कर माणसांमध्ये छातीचा त्रास नसतानाही हे असू शकतं. जबडा, गळा, पाठीचा मधला भाग, दोन्ही खांदे, पोटाचा वरचा कोपरा, नुसता दम, नुसता घाम, नुसता थकवा. साखरेने नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे हाक ऐकूच येत नाही. बाई "दमले" म्हणाली की घरात कुणी लक्ष देत नाही, कारण ती रोजच दमते.

हाताने रेटून करायच्या कामांनी छातीवर ताण जास्त येतो. पीठ मळणं, धुणं आपटणं, माळ्यावरचा डबा हात वर करून काढणं. हे चालण्यापेक्षाही लवकर त्रास देऊ शकतं.

---

नाक्यावरचा | सकाळी ११:०२

आमच्याकडे छातीत धस्स व्हायला चढ लागत नाही, विजेचं बिल पुरतं. 😀
पण गंभीरपणे विचारतो, रागाने होतं का? आमच्या शेजारचे काका बांधावरून भावाशी भांडताना छाती धरून खाली बसले होते.

---

कासपठारी | सकाळी ११:३०

होतं. जॉन हंटर नावाचे अठराव्या शतकातले मोठे सर्जन होते, त्यांना स्वतःला अंजायना होता. कुठलाही उपटसुंभ मला चिडवून माझा जीव घेऊ शकतो, अशा अर्थाचं ते म्हणायचे. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि ते तिथेच गेले. तुमच्या काकांना बांधाचं भांडण वकिलावर सोपवायला सांगा.

---

माणदेशी (म्हसवड) | दुपारी १:४५

जेवणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मामांना जत्रेच्या दिवशीच व्हायचं. एरवी शेतात सगळी कामं करायचे. जत्रेत मटण-भाकरी पोटभर, वर दुपारी देवळाकडे चढण. तीन वर्षं घरचे म्हणत होते मटण बाधतं. चौथ्या वर्षी मटण खाल्लं नाही, पुरणपोळी चापली, तरी चढणीवर बसले. तेव्हा मटणावरचा आळ गेला.

---

शंकासूर | दुपारी २:१०

म्हणजे आता शतपावलीही बंद करायची का? जेवून चालावं असं तर आपले पूर्वज सांगून गेलेत.

---

माणदेशी | दुपारी २:१८

शतपावली म्हणजे शंभर पावलं, अंगणात. सज्जनगडाच्या पायऱ्या नव्हेत.

---

तालुका_वैद्य | दुपारी ४:३०

माणदेशींनी उत्तर दिलंच आहे. भरपेट जेवलं की पोटाकडे जादा रक्त पाठवावं लागतं आणि हृदयाचं काम वाढतं. त्यात चढ आला की दोन कामं एकदम.

थंडीचंही तेच. गार वाऱ्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. जानेवारीत पहाटे गडावरचा वारा तोंडावर घेत चढणं म्हणजे चढ आणि थंडी दोन्ही. म्हणून एकाच माणसाला मे महिन्यात तो चढ जमतो आणि पौषात जमत नाही. गार पाण्याची अंघोळ, घाईघाईने एसटी पकडायला धावणं, शौचाला जोर करणं, मोठा राग, मोठी भीती, विडी-सिगारेट, सगळे याच यादीतले. विडीत निकोटीन हृदयाला पळवतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. दोन्हीकडून मार.

कधीकधी वाहिन्या फार बुजलेल्या नसतात, तरी होतं. रक्त फार कमी असेल, थायरॉईड वाढलेला असेल, भरपूर ताप असेल. अशा बायका माझ्याकडे येतात, हिमोग्लोबिन सहा-सात, विहिरीवरून घागर आणताना छाती भरते. रक्त वाढवलं की त्रास जातो.

---

कासपठारी | रात्री ८:०५

डॉक्टर, एक विचारायचंय. मी ४७, पळतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केली आहे. गेले दोन महिने यवतेश्वर घाट चढताना पहिल्या किलोमीटरला छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. वेग कमी करतो, मग सुटतं आणि पुढे घाटभर काही नाही. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात शरीर तापायला वेळ लागतो. मीही तेच समजत होतो. हा धागा वाचून झोप उडाली.

---

तालुका_वैद्य | रात्री ८:२२

कासपठारी, उद्या पळू नका. स्पष्ट सांगतो. सुरुवातीला त्रास, मग त्यातून चालत गेलं की नाहीसा, हा अंजायनाचा ओळखीचा प्रकार आहे. त्याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात. पुढे त्रास होत नाही म्हणून वाहिनी मोकळी झाली असा अर्थ नाही. दुसरं काही असेलही, पण ते तपासून ठरवू दे. आणि दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला त्रास हा जुन्या, ठरावीक त्रासापेक्षा जास्त काळजीचा.

---

कासपठारी | रात्री ८:३०

उद्याच जातो.

---

फार्मसीवाली (मिरज) | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

मेडिकलच्या काउंटरवर बसते म्हणून एक कळकळीने सांगते. जिभेखालची गोळी (सॉर्बिट्रेट) लोक शेजाऱ्याकडून उसनी घेतात, साखर उसनी घ्यावी तशी. कृपया करू नका. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे रक्तदाब झपकन उतरतो. उभ्याने घेतली तर माणूस चक्कर येऊन पडतो. ज्याला लिहून दिली आहे त्यानेही बसून घ्यायची.

दुसरं, हे बोलायला पुरुष लाजतात म्हणून मीच लिहिते. वायग्रा किंवा त्या जातीची गोळी घेतली असेल तर जिभेखालची गोळी घ्यायची नाही. वायग्राच्या बाबतीत निदान २४ तास, टॅडालाफिलच्या बाबतीत ४८ तास. दोन्ही मिळून रक्तदाब इतका पडतो की जीव जातो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. ते कुणाला सांगायला जाणार नाहीत.

तिसरं, गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच, असंही नाही. अन्ननलिकेला पेटका आला असेल तर तोही याच गोळीने सुटतो. आणि पित्ताच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे पित्तच, हेही खरं नाही, कारण अंजायना पाच मिनिटांत आपोआप उतरतो आणि श्रेय गुलाबी औषधाला जातं.

---

हळदवाला_सांगली | सकाळी १०:४०

ताई, गुलाबी औषधाच्या दोन बाटल्या मी संपवल्या होत्या.

ही जिभेखालची गोळी ज्या कुळातली, त्यातलं मूळ औषध नायट्रोग्लिसरीन. डायनामाइटमध्ये असतं तेच. १८७९ साली विल्यम मुरेल या डॉक्टरांनी ते अंजायनावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलना शेवटच्या दिवसांत हृदयाचा त्रास होता आणि डॉक्टरांनी त्यांना तेच लिहून दिलं होतं. हे मला मिरजेत वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं होतं, घरी येऊन वाचलं तर खरं निघालं.

---

वारणाकाठ | दुपारी ३:२५

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझा मोठा भाऊ, ५१. ऊस, दोन म्हशी, सोसायटीत सेक्रेटरी. नोव्हेंबरात रानात पाणी पाजायला रात्रपाळीची वीज, म्हणून रात्री दोनला जायचा. आठ दिवस घरी म्हणत होता, चालताना छाती दाटते, बांधावर बसलं की जाते. आठव्या दिवशी बसूनही गेली नाही. पहाटे चारला घामाने बनियन पिळून निघेल असा घरी आला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. गॅसचं इंजेक्शन दिलं, पट्टी काढायचं मशीन बंद आहे म्हणाले, सकाळी या. सकाळी सातला तो स्वतः मोटरसायकल काढून मोठ्या दवाखान्याकडे निघाला. मला उठवलं नाही. मी शेजारच्याच खोलीत झोपलो होतो.

रस्त्यातच गेला.

आठ दिवस होते आमच्या हातात. डॉक्टर, कुठल्या क्षणी घाई करायची ते एकदा स्पष्ट लिहा. कुणीतरी वाचेल.

---

तालुका_वैद्य | दुपारी ४:५०

वारणाकाठ, तुम्ही लिहिलंत यासाठी काय म्हणू. हात जोडतो.

स्पष्ट लिहितो. ठरावीक श्रमाला होणारा, थांबल्यावर पाच मिनिटांत जाणारा, महिनोन्महिने तसाच असलेला त्रास: लवकर दाखवा. नवा सुरू झालेला, किंवा पूर्वी दोन जिन्यांना व्हायचा तो आता दहा पावलांना होतोय, किंवा बसल्याजागी, झोपेतून उठवून होतोय: त्याच दिवशी दवाखाना. पहाटेच्या वेळी आरामात असताना वाहिनीला पेटका येऊनही त्रास होतो. तोही हृदयाचाच, दुर्लक्ष करू नका.

आणि विश्रांती घेऊनही जात नाही, दरदरून घाम, मळमळ, उलटी, जीव घाबरा, दम, अंधारी: हा अटॅक धरून चाला. १०८ ला फोन. आधीपासून जिभेखालची गोळी चालू असेल तर बसून एक, पाच मिनिटांत फरक नाही तर वाट बघायची नाही. अॅस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव वगैरे नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अॅस्पिरिन चावून खायची, अख्खी गिळायची नाही. पेशंटने चालायचं नाही, जिना उतरायचा नाही, गाडी तर हातात घ्यायचीच नाही. कुणाला उठवायला संकोच करायचा नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी (फुग्याने वाहिनी उघडणं) जितक्या लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिला तास सोन्याचा असतो.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे शंकासूर यांची भीती कमी होईल. एका बोटाने दाखवता येणारी, सुईसारखी टोचून क्षणात जाणारी, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढणारी चमक बहुधा बरगडीची, स्नायूची असते. "बहुधा" म्हटलंय. शंका असेल तर पट्टी काढा.

पैशाची अडचण असणाऱ्यांसाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

---

शंकासूर | संध्याकाळी ६:००

वारणाकाठ, फार वाईट वाटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी तपासण्यांच्या पैशाबद्दल लिहिलं होतं ते मागे घेतो. पित्त निघालं हे कळायलाही तपासणीच लागली होती.

---

किल्लेवाट | १७ जानेवारी, रात्री ९:४८

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी गडावर गेलो नाही. चहा घेताना आप्पांना विचारलं, "आप्पा, त्या वळणावर छातीत नेमकं काय होतं?" दुखतं का असं नाही विचारलं. ते बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाटा-वरवंट्यातला पाटा असतो ना, तो कुणी छातीवर ठेवावा तसं. दुखत नाही रे. जड होतं. ऑक्टोबरपासून आहे." आई आतून बाहेर आली. तिलाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, "तू विचारलंस दुखतं का. मी खोटं बोललो नाही." गणिताचे शिक्षक आहेत.

मग म्हणाले की वळणापर्यंत किती पावलं होतात ते रोज मोजत होतो. ऑक्टोबरमध्ये वळण ओलांडून साठ पावलं पुढे जायचे, मग वळणावर, आणि गेल्या आठवड्यात वळणाच्या अलीकडे चाळीस पावलांवर सुरू व्हायला लागलं होतं. घरातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने तारखा आणि आकडे लिहून ठेवलेत. हृदयरोगतज्ज्ञांना ते कॅलेंडरच नेऊन दाखवलं. त्यांनी आकडे बघितले आणि ट्रेडमिलवर चालवून ईसीजी बघायची तपासणी करायचीच नाही म्हणाले, सरळ अँजिओग्राफी. डाव्या बाजूच्या पुढच्या वाहिनीत नव्वद टक्के. परवा प्लास्टी झाली. आज घरी आलो.

आता त्यांचा एकच प्रश्न आहे, गड कधी.

---

तालुका_वैद्य | रात्री १०:०५

फार बरं वाटलं. पावलं कमी होत जाणं हेच तर बिघडण्याचं लक्षण. कॅलेंडर जपून ठेवा.

गड त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आधी सपाटीवर, मग हळूहळू. आप्पांना सांगा, हेबर्डन यांच्या एका पेशंटने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. श्रम शत्रू नाहीत. पण पौष-माघातली पहाट टाळा, ऊन पडल्यावर निघा, नाका-तोंडावर मफलर, गोळी खिशात.

---

भाकरतुकडा | रात्री १०:२०

गोळी खिशात म्हणजे कुठल्या खिशात ते ठरवून घ्या. आमच्या आईची गोळी दोनदा साडीबरोबर धुतली गेली. आता गळ्यातल्या दोऱ्याला छोटी डबी बांधली आहे.

---

कासपठारी | रात्री १०:४१

माझाही निकाल लिहितो. ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाला पट्टीत बदल दिसला, मला तेव्हा काही जाणवलंही नव्हतं. अँजिओग्राफी सोमवारी. धागा काढलात म्हणून, किल्लेवाट.

---

नवा_सभासद_शिराळा | १९ जानेवारी, सकाळी ६:५०

नमस्कार. आजच सभासद झालो. माझा चुलता ऊसतोडीला असतो, वय ५५. छातीत दुखत न्हाई म्हणतो, पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना आता मधीच थांबतो, मोळी खाली टाकतो. विचारलं तर म्हणतो तंबाखू मळायची हाय. काय करावं?

---

किल्लेवाट | सकाळी ७:०२

दादा, आज त्यांना मोळी उचलू देऊ नका. शेजारी बसून विचारा, फळीवर चढताना छातीत, गळ्यात, हातात जड होतं का, आवळतं का, आणि खाली टाकल्यावर किती वेळात मोकळं होतं. कधीपासून आहे आणि वाढत चाललंय का तेही विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. रेशन कार्ड बरोबर घ्या. मध्येच घाम फुटला किंवा बसूनही गेलं नाही तर थेट १०८.

जमलं की इथे कळवा, मी दिवसभर बघतोय.